रिकाम्या चॅनलवरची रेघ

त्या कोपऱ्यातल्या डब्याची किंमत विचारू नका. दुकानात बाकी जे दिसतंय ते सगळं विकायचंच आहे, भाव जुळला तर मी बसलोय ती खुर्चीसुद्धा. तो डबा मात्र नाही. का, ते सांगतो. घाईत नसाल तर बसा.

जुनी मोजमापाची यंत्रं घ्यायची, पुसायची, तपासायची आणि पुन्हा विकायची, हा आमचा धंदा. शाळा मी लवकर सोडली. पुढचं सगळं बिघडलेल्या यंत्रांनी शिकवलं. ती शिकवताना अधूनमधून शॉक देतात, त्यामुळे धडा पक्का राहतो. गिऱ्हाईकही तऱ्हेतऱ्हेचं. एक गृहस्थ इथून ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेजची रेघ दाखवायचं यंत्र, घेऊन गेले आणि चार दिवसांनी विचारायला आले, यावर मॅच कुठल्या बटणाला लागते. मी म्हटलं, लागते की, पण स्कोअर सगळ्या मॅचचा एकच दिसेल, सरळ रेघ. ते खरंच विचारात पडले.

हा डबा म्हणजे मल्टिफंक्शन डॅक. नाव भारी, काम साधं. तळहाताएवढी धातूची पेटी, दोन्ही बाजूंना वायरी आवळायचे स्क्रू. एका बाजूच्या स्क्रूंना वायर लावली की तिच्यावरून जे व्होल्टेज येईल ते तो मोजतो आणि कॉम्प्युटरवर त्याची रेघ काढतो. अशा प्रत्येक जागेला चॅनल म्हणायचं. दुसऱ्या बाजूने तो उलटं काम करतो. कॉम्प्युटरवर तुम्ही रेघ द्या, तो तिचं व्होल्टेज करून बाहेर सोडतो. दादा गिऱ्हाइकाला सांगायचा, "याला कानही आहे आणि तोंडही. आमच्या धाकट्यापेक्षा बरा, त्याला नुसतं तोंड."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. दुकान त्याचं, तोंड माझं, असं आमचं चाललं होतं. मग त्याला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि दुकानामागच्या खोलीत तो पडून राहिला. मध्ये फक्त एक पडदा. वहिनी रात्रंदिवस त्याच्यापाशी. मी लग्नाच्या भानगडीत पडलो नाही, त्यामुळे घर म्हणाल तर हे एवढंच.

सुरुवातीला मी रडलो वगैरे असेन, आता आठवत नाही. पुढे पुढे मन असं झालं, हातावर डोकं ठेवून झोपल्यावर हात बधिर होतो ना, तसं. आपलाच आहे हे कळतं, चिमटा काढला तरी लागत नाही. गिऱ्हाइकाशी हसत बोलायचो, हिशोब करायचो. पडद्यामागून दादाचा श्वास ऐकू यायचा. लांब ओढलेला, वर गेल्यावर जरा अडकणारा, मग घरघरत खाली येणारा. पंख्याच्या आवाजासारखी त्याची सवय झाली होती.

पंखे बनवणारा एक कारखाना बंद झाला. तिथल्या तपासणी विभागाचा माल उचलायला मी गेलो, त्यात हा डबा आला. त्याच्याविषयी कुणी काही सांगितलं नाही, कुणी घाबरलेलं दिसलं नाही. तिथला स्टोअरकीपर पान खाल्ल्यासारखा गाल फुगवून बसला होता, दाढ दुखत होती त्याची. सही घेतली आणि हाताने 'जा' म्हणाला. बस, एवढंच.

दुकानाचा सुट्टीचा दिवस होता. शटर अर्धं खाली ओढलेलं, खालच्या फटीतून दुपारचं ऊन फरशीवर पट्टीसारखं पडलेलं. तापलेल्या धुळीचा वास, सोल्डरिंगच्या धुराचा वास, आणि पडद्यामागून येणारा औषधी तेलाचा. मी डबा पुसला आणि कॉम्प्युटरला जोडला. नवा माल आला की आधी काहीच न जोडता सगळी चॅनल बघायची, ही माझी रीत. रिकाम्या चॅनलवर विजेच्या लाइनची बारीक थरथर दिसते, कधी शेजारच्या चॅनलची सावली पडते. त्यावरून माल कसा वापरलाय ते कळतं.

सगळ्या चॅनलवर नेहमीची थरथर होती. एकावर मात्र रेघ वर चढत होती. सावकाश. वर जाऊन जरा थबकली, मग खाली आली. थांबली. पुन्हा चढली.

मी स्क्रू तपासला. वायर नव्हती, धूळसुद्धा नव्हती. कॉम्प्युटर बदलला, डबा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेला. रेघ तशीच. सावली म्हणावी तर शेजारी काही नव्हतंच.

वहिनी चहा घेऊन आली. कप ठेवता ठेवता तिची नजर कॉम्प्युटरच्या पडद्यावर गेली आणि तिथेच राहिली.

"भाऊजी, हे काय लावलंय?"

"काही लावलेलं नाही. तीच गंमत आहे."

"गंमत कसली... हा यांचा श्वास आहे."

मी हसणार होतो. पण पडद्यामागे दादाने श्वास ओढला आणि रेघ चढली. तो वर जाऊन अडकला, रेघ थबकली. घरघर खाली आली तशी रेघही उतरली. आम्ही दोघं कितीतरी वेळ उभे होतो. चहावर साय धरली.

"कसं काय?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"बंद नका करू," ती म्हणाली. तेवढंच.

खरं सांगतो, मला भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. डबा चालू ठेवला, कारण तिला हवा होता. तिचं मात्र त्याने फार बरं झालं. आधी ती भांडी घासताना मध्येच नळ बंद करून कान द्यायची. अंघोळीला गेली तरी दार पूर्ण लावायची नाही. आता मी कॉम्प्युटरचा पडदा तिच्या ओट्याकडे वळवून ठेवला. काम करता करता मान वर करायची, रेघ चढताना बघायची आणि पुन्हा कामाला लागायची. एकदा तर तिला गुणगुणताना ऐकलं. मी म्हटलं, "वहिनी, दादाला झोप लागू द्या." ती म्हणाली, "त्यांना माझं गाणं कधी आवडलंच नाही, आता ऐकतायत बिचारे." आम्ही हसलो. पहिल्यांदाच, किती महिन्यांनी.

डबा मोजलेलं सगळं कॉम्प्युटरमध्ये साठवत होता. मी त्याला तसं सांगून ठेवलं होतं. सवयच ती.

मग सर आले. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचं जुनं गिऱ्हाईक, भला माणूस. डॅक हवा होता मुलांसाठी. मी त्यांना दुसरा डबा दाखवत होतो, तेवढ्यात मला फोन आला म्हणून शटरपाशी गेलो. सरांचं लक्ष चालू असलेल्या डब्याकडे गेलं. चॅनल रिकामं, आणि त्यावर रेघ हलतेय. आमच्या धंद्यातला कुणीही जे करेल तेच त्यांनी केलं. मोकळं चॅनल असं वेडंवाकडं दाखवायला लागलं की वायरीचा एक तुकडा घ्यायचा, चॅनल ग्राउंडच्या स्क्रूला बांधायचं. शून्याला बांधलेलं चॅनल शून्यच दाखवतं, गप्प बसतं. मी असतो तर मीही हात चालवला असता, इतकी ती गोष्ट हातात बसलेली आहे.

"घ्या, गप्प केलं तुमच्या भुताला," सर हसत म्हणाले.

मी वळून पाहिलं. रेघ सरळ होती.

पडद्यामागे काहीच आवाज नव्हता. पंखा बंद झाल्यावर खोली कशी मोठी वाटते, तशी खोली मोठी झाली.

"भाऊजी!" वहिनीचा आवाज. मग हळू, "भाऊजी... हे थांबलेत."

मी तो तुकडा ओढून काढला. रेघ सरळच. पडद्याआड गेलो. दादाचं तोंड उघडं, छाती स्थिर. वहिनी त्याचे गाल चोळत होती. मी परत आलो. सर विचारत होते, काय झालं, काय झालं. माझे हात चालत होते, ते कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे. साठवलेल्या नोंदीतला हाताला लागला तो तुकडा मी उचलला. डब्याच्या तोंडाला वायर लावली, तिचं दुसरं टोक त्या रिकाम्या चॅनलला आवळलं. आणि डब्याला सांगितलं, हा श्वास सोड. संपला की पुन्हा पहिल्यापासून सोड.

रेघ चढली.

पडद्यामागे दादाने श्वास घेतला. वर गेला... अडकला... घरघरत खाली आला.

सर खुर्चीवर बसले. पाणी मागितलं, प्यायले नाहीत. जाताना म्हणाले, "मला नको तो डबा. दुसराही नको." तेव्हापासून त्यांचा माल ते दुसरीकडून घेतात. त्यांना मी दोष देत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. मनगट धरून बसले. मग मानेला बोटं लावली. डोळ्यांत टॉर्च मारला. पुन्हा मनगट.

"काय?" वहिनीने विचारलं.

"माझ्या हाताला काही लागत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण... छाती तर हलतेय."

"मग आहेत ना ते?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पडद्यापलीकडे, डब्याच्या दिशेने पाहिलं. "मी उद्या येतो," ते म्हणाले. त्यांचा उद्या अजून उजाडायचा आहे.

पुढचे दिवस कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. गेले. मी डब्याला यूपीएस लावला, यूपीएसला दुसरी बॅटरी. वीज गेली की मी आणि वहिनी दोघंही एकमेकांकडे न बघता रेघेकडे बघायचो. दादाचे पाय गार होते, फरशीसारखे. वहिनी त्यावर दोन पांघरुणं घालायची आणि दुकानात येऊन म्हणायची, "हवा थंड आहे ना आज?" मी म्हणायचो, "हो, आहे खरी." बाहेर लोक घाम पुसत जात होते.

मी उचललेल्या त्या तुकड्यात एक खोकला होता. छोटासा, सुका. तुकडा फिरून आला की खोकलाही यायचा. पहिल्यांदा वहिनी पाण्याचा चमचा घेऊन धावली. दुसऱ्यांदाही. मग ती जागची उठेनाशी झाली, पण तिचा हात चमच्याकडे जायचा आणि परत यायचा. प्रत्येक वेळी.

एका संध्याकाळी, दिवे लावायच्या सुमारास, ती दाढीचं सामान घेऊन दुकानात आली आणि माझ्यासमोर बसली. दादाची दाढी तीच करायची, एक दिवसाआड. वाटीतलं पाणी स्वच्छ होतं.

"यांची दाढी वाढत नाही, भाऊजी."

मी वाटीत पाहिलं. एक केस नव्हता.

"सरांच्या त्या दिवसापासून नाही. मी दर वेळी साबण लावते, दर वेळी वस्तरा फिरवते. काही निघत नाही." ती थांबली. पडद्यामागे तो खोकला झाला. तिचा हात हलला आणि तिने तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला. "हा खोकला ते धडधाकट... म्हणजे तसे आजारी होते, पण होते, तेव्हाचा आहे. कुठल्यातरी गेलेल्या सोमवारचा. मी त्या सोमवारला पाणी पाजायला उठते रोज."

"वहिनी..."

"हे तुमचे दादा नाहीत. ही तुमची रेघ आहे." तिने पदराने वाटीची कड पुसली, जी कोरडीच होती. "काढा ती वायर. त्यांना जाऊ द्या. मला दिसतंय, ते कधीच गेलेत, आपणच त्यांना हलवत बसलोय."

"तुम्ही म्हणाल तसं."

"मी आत जाऊन हात धरते त्यांचा. मग काढा."

ती आत गेली. पलंग करकरला. "हं," असा तिचा आवाज आला. मी स्क्रूड्रायव्हर घेतला. तेव्हा तरी काहीतरी वाटायला हवं होतं, असं मला आताही वाटतं. पण नळ बंद करावा तसा मी तो स्क्रू सैल केला आणि वायर बाहेर काढली.

रेघ खाली आली आणि सरळ झाली. पडद्यामागची घरघर अर्ध्यात थांबली. थोड्या वेळाने वहिनी म्हणाली, "गेले. शांत गेले." तिचा आवाज खरंच शांत होता. मग जे करायचं असतं ते आम्ही केलं, माणसं आली, माणसं गेली. वहिनी त्यानंतर पहिल्यांदा सलग झोपली.

गोष्ट इथे संपली असती तर डबा मी तुम्हाला आजच बांधून दिला असता.

त्या गडबडीत डबा बंद करायचा राहिला होता. तो मोजतच होता, साठवतच होता. सगळं उरकल्यावर एका सकाळी मी विक्रीसाठी त्याची तपासणी करायला बसलो. डब्याचं तोंड आणि कान दोन्ही धड आहेत का हे बघायची एक साधी रीत आहे. तोंडातून जी रेघ सोडली ती घ्यायची, कानाने जी ऐकली ती घ्यायची, आणि एकीतून दुसरी वजा करायची. डबा चांगला असेल तर बाकी काही उरत नाही. मला नोंद तयारच मिळाली होती, इतके दिवस दादाचा श्वास या तोंडातून त्या कानात जात होता. मी वजाबाकी केली.

बाकी उरली.

फार लहान. इतकी लहान, की रेघेची मोजपट्टी मोठी केल्याशिवाय दिसली नसती, आणि तेव्हा पट्टी मोठी करायचं कुणाच्या मनात आलं असतं? मी ती वाढवत गेलो. रेघ चढत होती, उतरत होती. पण मी सोडलेल्या श्वासाशी तिचा मेळ नव्हता. माझा श्वास सावकाश वर जायचा तेव्हा ही मध्येच खाली यायला बघायची. माझा खाली यायचा तेव्हा ही वर. छोटे, तोकडे, घाईचे श्वास. माझ्या मोठ्या श्वासाखाली दबलेले. कुणाच्या तोंडावर हात ठेवून कुणी दुसरंच त्याच्या वतीने श्वास घेत असावं... तसे.

जिथे तो सोमवारचा खोकला यायचा, तिथे ही लहान रेघ प्रत्येक वेळी थांबलेली होती. खोकला होऊन गेला की पुन्हा सुरू.

मी नोंद पुढे नेली. त्या संध्याकाळपर्यंत. वायर काढली ती जागा सापडली. मोठी रेघ तिथे संपते. लहान रेघ तिथे संपत नाही. उलट मोकळी होते, लांब होते. दोन-तीन खोल श्वास, पाण्यातून वर आलेल्या माणसासारखे. नेमकं तेव्हाच वहिनी म्हणत होती, शांत गेले.

तिला मी हे सांगितलेलं नाही. सांगणार नाही. तिने त्याचा हात धरला होता आणि तो शांत गेला, एवढ्यावर ती उभी आहे. हल्ली पुन्हा गुणगुणते कधी कधी.

रेघ अजून चालू आहे. आम्ही सगळं उरकलं तेव्हाही चालू होती, पुढेही चालूच आहे. डबा बंद करून बघा, असं तुम्ही म्हणाल. एका स्क्रूची वायर काढली त्याचं काय झालं ते मी पाहिलंय. दुसऱ्यांदा माझा हात धजत नाही. भीतीने नाही हो. भीती वाटली असती तर बरं वाटलं असतं.

आता मी रोजची नोंद दुसऱ्या दिवशी उघडून बघतो. सकाळी वहिनी दुकान झाडते, तेव्हा रेघ एकसारखी असते, झोपेतल्या माणसासारखी. गिऱ्हाइकं येतात, बोलतात, रेघेला काही फरक पडत नाही. परवा सर आले होते, दादाचं कळल्यावर भेटायला. डब्याशेजारीच बसले, तोच वायरीचा तुकडा बोटांत घेऊन वळत राहिले. त्यांच्या वेळचीही नोंद मी पाहिली. रेघ आरामात चालू होती.

मी खुर्चीत येऊन बसतो, तेवढ्याच वेळेत ती थांबलेली असते. संपलेली नसते. अर्ध्या उंचीवर, श्वास रोखून धरावा तशी. मी उठून गेलो की सुटते.